चाकांवरचं घर आणि त्याची बाहेरची बाजू : दमणीपासून कॅरॅव्हॅनपर्यंतचा खानदेश



कॅरॅव्हॅन, मोटारहोम हे शब्द आता आपल्याकडे बऱ्यापैकी रुळले आहेत. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच न्हाणी. बाहेरून पाहिलं तर टपावर सोलरची पाटी, मागं शिडी, कडेला गुंडाळून ठेवलेलं कापडी छप्पर. मोबाईलवर असे व्हिडिओ बघून पुष्कळांना वाटतं, की ही परदेशातून आलेली नवी हौस आहे. आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. खानदेशात चाकांवर राहणारी माणसं फार जुनी आहेत, आणि आपल्या गाडीची बाहेरची बाजू आपल्या गरजेप्रमाणे फिरवून घ्यायची विद्याही तितकीच जुनी आहे. त्यात नव्यानं आला तो कायदा. तो चाकांवरच्या काही घरांना घर म्हणतो आणि काहींना म्हणत नाही. आजच्या व्याख्यानात आम्हाला तिथपर्यंत पोचायचं आहे.

आता बाहेरचीच बाजू का? गाडीच्या आत कोण कसं राहतं हा ज्याचा त्याचा मामला. पण बाहेरच्या बाजूवर तिघांचा हक्क असतो. ज्यानं चाकं आणि आस बनवली त्याचा, जो त्या गाडीत राहतो त्याचा, आणि रस्ता ज्याचा आहे त्या सरकारचा. या तिघांत कोणाचं चाललं, यावरून त्या काळाबद्दल बरंच काही कळतं. हे तीन हक्कदार लक्षात ठेवा, पुढं ते पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

सुरुवात चाकांच्या आधीपासून करू. आपल्याकडे माल फिरायचा तो बैलांच्या पाठीवर. बंजारा म्हणा, लमाण म्हणा, त्यांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढायचे-उतरायचे. घर पाठीवर, चाक नाही. गाड्या होत्या, पण गावापुरत्या. जुन्या गाड्यांची चाकं भरीव, लाकडातून कोरलेली, आणि ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या. लांबच्या वाटेला त्यांचा उपयोग नव्हता.

१८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१९ मध्ये धुळ्याला आपलं ठाणं केलं. धुळ्याच्या पेठेचे सरळ रस्ते त्याच काळातले. मुंबई-आग्रा वाटेवरचं गाव म्हणून धुळ्याला महत्त्व होतंच, पुढं ती वाट पक्की होत गेली. याच सुमारास, म्हणजे १८३० च्या दशकात, तिकडं सोलापूरकडं टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या सर्व्हे खात्यातल्या अधिकाऱ्यानं हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या करून घेतल्या. दोन बैलांनी ओढता येईल अशी गाडी. आऱ्यांचं चाक नवं नव्हतं, ते आपल्या रथांना हजारो वर्षं आहे. पण शेतकऱ्याला परवडेल अशी हलकी मालगाडी सडकेवर आली, आणि मग बैलगाडी लांब जायला लागली. खानदेशातला कापूस रेल्वे येण्याआधी अशाच गाड्यांतून घाटाखाली उतरत होता. गाडीवान आठवडेच्या आठवडे गाडीवरच. रात्री गाडीखाली झोपायचं, पाऊस आला तर वर घोंगडं.

इथं एक बारीक गोष्ट घडलेली दिसते. खालचं अंग, म्हणजे चाक, तुंबा, आस, लोखंडी धाव, हे सगळीकडं साधारण एकसारखं. त्याला सुतार-लोहार दोघांचं कसब लागतं, मापात चूक चालत नाही. वरचा साटा मात्र ज्याचा त्याचा. शेणखत वाहायचंय तर बाजूला तुरीच्या नाहीतर बांबूच्या ताट्या लावा. कडबा न्यायचाय तर खुंटे उंच करा. आणि लेक माहेरी आणायची असेल तर?

तर दमणी! आखाजीला सासुरवाशिणीला आणायला भाऊ दमणी घेऊन जायचा हे इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. दमणी म्हणजे बसायची हलकी गाडी, वर कमानीचं छप्पर, पुढं-मागं पडदा. ज्याच्या दारात दमणी नाही, तो साध्या गाडीवर बांबूच्या कमानी वाकवायचा, वर सतरंजी नाहीतर पाल टाकायचं, खाली गवत आणि त्यावर गोधडी. दोन दिवसांकरता मालगाडीची बसायची गाडी झाली. आखाजी झाली की कमानी सोडल्या, गाडी परत शेतात. हा आमच्या मते खानदेशातला बाहेरच्या बदलाचा पहिला धडा. बदल उलटा फिरवता आला पाहिजे.

कायमचं घर चाकांवर केलेली माणसंही याच रस्त्यांवर दिसत आली आहेत. गाडुलिया लोहार, आपण ज्यांना राजस्थानी लोहार म्हणतो, ते. गावाच्या कडेला त्यांची गाडी उभी, शेजारी भाता, विळे-कोयते शेवटायचं काम चालू. १५६८ मध्ये चितोड पडलं तेव्हा पक्क्या घरात राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं ते लोक सांगतात. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट असते ती उलटी टाकलेली, पाय आकाशाकडं. गाडीच्या लाकडाला पितळेचे खिळे आणि पत्रे ठोकलेले. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेलं आणि शपथ पुरी झाली असं जाहीर झालं. पुष्कळजण तरीही गाडीवरच राहिले. बाहेरची बाजू हा त्यांचा इतिहासच आहे, फक्त लाकडावर आणि पितळेवर लिहिलेला. ती उलटी खाट वाचता आली पाहिजे.

माणसांच्या घराबद्दल बोललो, आता देवाच्या चाकांवरच्या घराबद्दल. जळगावचा रामाचा रथ. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा उत्सव कार्तिकी एकादशीला होतो. सागाचा कोरीव रथ, माणसं दोरानं ओढतात. त्याला ना स्टिअरिंग ना ब्रेक. मग वळवायचा कसा? चाकाखाली मोगरी लावून. मोगरी म्हणजे लाकडाचा ठोकळा. तो लावणारी माणसं चाकाच्या अगदी पुढ्यात, हातात जीव घेऊन चालतात, आणि कोणत्या क्षणी कुठल्या बाजूनं लावायची हे घराण्यात शिकवलं जातं. रथाच्या आधी रोज वहनं निघतात, कधी घोडा, कधी सिंह, कधी मोर. देव तोच, वाहनाचं बाहेरचं रूप रोज निराळं. अमळनेरला सखाराम महाराजांचा वैशाखातला रथ, पारोळ्याचा आणि शिरपूरचा बालाजीचा रथ, हे सगळे याच कुळातले. सुतार, नक्षीकार, रंगारी, लोहार अशी जोडी त्या निमित्तानं गावोगाव तयार राहिली. जड लाकडी डोलारा चाकांवर तोलायचा कसा, ही समज खानदेशात मोटार येण्याच्या आधीपासून होती.

आता मोटार येऊ दे.

१९१० साल घ्या. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीनं एक गाडी मांडली. मागची सीट उघडली की पलंग, ड्रायव्हरच्या पाठीमागून बाहेर दुमडून येणारं हात धुवायचं भांडं. जगातल्या पहिल्या मोटारहोमपैकी एक म्हणून तिचं नाव घेतात. आणि त्याच वर्षी कलकत्त्याला मॅथ्यूसन नावाच्या एका श्रीमंत साहेबानं इंग्लंडहून हंसाच्या आकाराची मोटार करून आणवली. चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडायचा, डोळ्यांत दिवे. रस्त्यावर असा गोंधळ उडाला म्हणतात, की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुढं ती गाडी नाभाच्या महाराजांकडं गेली, आज ती नेदरलँड्समधल्या संग्रहालयात आहे. दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या. एकीनं आत बदल केला, तिचं कौतुक झालं. दुसरीनं बाहेर बदल केला, तर पोलीस आले. आपला तिसरा हक्कदार तो हाच.

भारतात मोटारींचा मोठा कायदा १९३९ चा, नंतर १९८८ चा. त्यातली मोटार वाहनाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. बॉडी न बसवलेली नुसती चासीसुद्धा मोटार वाहनच, असं तिथं म्हटलं आहे. का? कारण आपल्याकडं ट्रक विकला जायचा तोच मुळी चासी म्हणून. आग्रा रोडवर उभं राहिलेल्या प्रत्येकानं हे दृश्य पाहिलेलं आहे: उघड्या चासींची रांगच्या रांग चाललीय, ना दार ना छत, ड्रायव्हर फळीवर बसलेला, डोक्या-तोंडाला गमछा गुंडाळलेला. कंपनी इंजिन, आस, पाटे, चाकं द्यायची. कॅबिन आणि हौदा करायचा गॅरेजवाला मिस्त्री. म्हणजे बैलगाडीचीच रीत: खालचं अंग एकसारखं, वरचा साटा ज्याचा त्याचा.

धुळं या बाबतीत नशीबवान. जुन्या क्रमांकांनी सांगायचं तर आग्र्याचा राष्ट्रीय महामार्ग ३ आणि सुरतेहून साक्री, धुळं, पारोळा, एरंडोल, जळगाव करत नागपूरकडं जाणारा महामार्ग ६, हे दोन्ही धुळ्यात एकमेकांना ओलांडतात. देशाच्या चारी दिशांचे ट्रक इथून जातात. पंजाबी बांधणी वेगळी, दक्षिणेची वेगळी, हे इथल्या मिस्त्रींना रोज रस्त्यावर बघायला मिळायचं. सातपुड्याचा आणि डांगाचा साग हाताशी. लाकडी कॅबिनला एक गुण होता. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा पत्र्यापेक्षा लाकूड कमी तापतं.

ट्रक हे ड्रायव्हरचं घर असतं, हे कायद्याच्या पुस्तकात नाही, पण बाहेरच्या बाजूवर स्पष्ट दिसतं. कॅबिनच्या डोक्यावरचा टप बघा. तिथं ताडपत्री, दोर, अंथरूण, आणि उन्हाळ्याच्या रात्री किन्नर स्वतः झोपायला. कडेच्या पेटीत स्टोव्ह, पीठ, कांदे. पाण्याचं पिंप बाहेरून साखळीनं बांधलेलं. काचेवर पुढं आलेली झडप, उन्हाकरता. टपावर चढायला लोखंडी पायऱ्या. नंतर सजावट: आईचं नाव, मुलांची नावं, गावाचं नाव, कुलदैवत, गोंडे, काळी बाहुली, लिंबू-मिरची. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज'. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी त्या तीन शब्दांवर बंदी घातली, कारण त्यामुळं विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. कारण रास्त होतं. पण घराच्या दारावर काय लिहायचं हे सरकारनं ठरवलं, असा त्याचा दुसराही अर्थ होतोच.

एक चिठ्ठी आली आहे, तमाशाच्या गाड्यांना तुम्ही मोटारहोम म्हणणार का? आम्ही तिकडंच येत होतो. उत्तर आहे, हो, सगळ्यात आधी त्यांनाच.

दादासाहेब फाळक्यांबद्दल सांगतात, की ते आपली चित्रं बैलगाडीवर यंत्र घालून गावोगाव दाखवत. त्या वाटेनंच पुढं टुरिंग टॉकीज आली. तंबू, कनाती, पडदा, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो ट्रक. त्याचा हौदा पत्र्यानं बंद करून घेतलेला. आत प्रोजेक्टर पक्का बसवलेला आणि पत्र्याला चौकोनी खिडकी पाडलेली. ट्रक तंबूच्या एका टोकाला लावायचा, त्या खिडकीतून उजेडाचा झोत बाहेर, समोर पडद्यावर सिनेमा. खेळ संपला की त्याच ट्रकात यंत्राशेजारी अंथरुणं. बाहेरच्या पत्र्यावर कंपनीचं नाव ठळक रंगात, कारण गावात शिरताना ट्रक हीच जाहिरात. हे जग संपत आलं असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या चित्रपटवाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. एका ट्रकच्या पत्र्याला पाडलेली खिडकी कानपर्यंत पोचली, असं म्हणायला हरकत नाही.

तमाशाचे फडही असेच. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा घ्या, घोड्यांच्या बाजाराकरता प्रसिद्ध. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यातच होतं. अशा यात्रेत मोठा फड येतो तो ट्रकांचा ताफा घेऊन. एका ट्रकवर रंगमंचाच्या फळ्या, एकावर तंबू, एकावर जनरेटर, आणि कलावंतांची बस. त्या बसच्या खिडक्यांना आतून कापड. बाहेर कलावंतांची चित्रं आणि मोठ्या अक्षरांत फडाचं नाव. पण नीट बघितलं तर तिथं एक गोष्ट नसते. न्हाणी नसते, संडास नसतो. यात्रेच्या गावात रात्रभर नाचून-गाऊन पहाटे आडोसा शोधत फिरायचं, हे तमाशातल्या बायकांच्या पिढ्यांनी भोगलं. बाहेरची बाजू नावाकरता आणि प्रेक्षकाकरता रंगली, राहणाऱ्या बाईकरता बदलली गेली नाही. याचं कारण उघड आहे. बदल करायचा पैसा आणि हुकूम मालकाकडं, आणि राहणं दुसऱ्याचं.

हाच प्रश्न ऊसतोडीत आणखी कडक होतो. चाळीसगाव, पारोळा, साक्री या भागांतून दिवाळीनंतर माणसं तोडीला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही गुजरातेत बारडोलीकडं. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं गुजरातेत जाणाऱ्या खानदेशी तोडणी मजुरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पूर्वी स्वतःची लाकडी गाडी आणि स्वतःचे बैल घेऊन जाणारा कष्टकरी गाडीला पाल बांधायचा, शिंगांना रंग द्यायचा, जुवाला घुंगरं लावायचा. नंतर रबरी टायरची लोखंडी गाडी आली. ती बहुतेक ठिकाणी कारखान्याची, बैल मजुराचे. बैलाच्या शिंगांना अजून रंग असतो, गाडी मात्र एकाच सरकारी रंगाची आणि नंबरची. जी वस्तू आपली नाही, ती माणूस सजवत नाही, हे तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

उलट उदाहरणही आपल्याकडंच आहे. मुक्ताईची पालखी. मुक्ताईनगरहून निघून महिन्याहून अधिक काळ चालून ती पंढरपूरला पोचते, सगळ्यात लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक. तिच्या दिंड्यांबरोबर मालाचे ट्रक असतात. तेवढ्या दिवसांकरता त्या ट्रकचं काय होतं बघा. हौद्यात आडव्या फळ्या टाकून माळा केलेला, वर अंथरुणं आणि खाली धान्य. कडेला पाण्याच्या टाकीला नळ्या, एकाच वेळी चारजणांना पाय धुता यावेत म्हणून. ताडपत्रीची एक बाजू बांबूवर उचलली की ओसरी तयार. म्हाताऱ्या माउल्यांना चढता यावं म्हणून मागं लाकडी शिडी. यात्रेहून परतलं की फळ्या निघाल्या, ट्रक केळी भरायला मोकळा. दमणीचा धडा इथं पुरा उतरला आहे. बदल करणारे आणि राहणारे एकच आहेत, म्हणून इथं शिडी सुचते.

राजकारणानंही हे ओळखलं. १९८२ मध्ये एन. टी. रामारावांनी एक जुनी शेव्हरोले व्हॅन घेतली, टपावर उभं राहून बोलायला जागा केली, दिवे आणि भोंगे लावले, आणि तिला 'चैतन्य रथम्' नाव देऊन आंध्र पालथा घातला. मुक्काम गाडीत, अंघोळ रस्त्याकडेला, गाडी चालवायला मुलगा हरिकृष्ण. जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून प्रचाररथ हा बाहेरच्या बदलाचा एक धंदाच झाला. निवडणुकीत अशा गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणं परवानगी लागते, आणि ती मिळतेही.

आता कायद्याकडं येऊ. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२. गाडीत बदल करताना नोंदणीपत्रातला तपशील मूळ कंपनीनं ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होता कामा नये, असं त्यात २००० सालच्या दुरुस्तीनं आलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. म्हणजे आपल्या तीन हक्कदारांपैकी पहिल्याचा, कंपनीचा, शब्द शेवटचा ठरला. ट्रकच्या कॅबिन-बॉडीकरता एआयएस-०९३ आणि मोटार कॅरॅव्हॅनकरता एआयएस-१२४ अशी मानकं झाली. चासीवर मिस्त्रीनं मनानं काहीही चढवावं, तो काळ सरला.

हे वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. वर उंच माळा चढवला की गाडीचा तोल वर जातो, वळणावर गाडी आडवी होते. बाहेर आलेली सळई मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेते. रात्री लाल परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली म्हणजे यमदूत. कायदा माणसाचा विचार करू शकतो, याचं एक चांगलं उदाहरणही आहे. २०२५ मध्ये नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली. लाकडी कॅबिन करणाऱ्या मिस्त्रीला जे अनुभवानं कळलं होतं, ते नियमात यायला इतकी वर्षं लागली. पण आलं.

आमची तक्रार दुसरी आहे, आणि ती दोन घटना शेजारी ठेवल्या की समजते. २०२१ चा फेब्रुवारी महिना. त्या महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळानं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. पलंग, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह असलेली गाडी, ती उभी करायला खास जागा, तिथं पाणी आणि वीज. धोरण चांगलं आहे. आणि त्याच महिन्याच्या मध्यावर, मध्यरात्री, पपई भरून रावेरकडं निघालेला एक ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. पपईच्या वर मजूर बसलेले होते, बायका आणि लेकरं धरून. किमान १५ जण गेले. बहुतेक रावेर तालुक्यातले, आभोडा-केऱ्हाळ्याकडचे.

त्या ट्रकला बाहेरून कसलाच बदल केलेला नव्हता. कागदावर तो मालाचा ट्रक होता आणि हौदा मालाचाच होता. माणसं तिथं असायलाच नको होती, असं कायदा म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण रोज संध्याकाळी त्या रस्त्यांवर माणसं मालावर बसून घरी जातात, हेही खरं. त्यांना गृहीत धरून कोणी गाडी आखलेली नाही, कारण कागदावर ती तिथं नाहीतच. पर्यटकाकरता गाडीची बाहेरची बाजू कशी असावी याचं मानक आहे. पपईच्या बागेतून परतणाऱ्या बाईकरता, ऊसतोडीच्या ट्रकात चार महिन्यांचा संसार भरून निघालेल्या कुटुंबाकरता, तमाशातल्या कलावंत मुलीकरता, दिंडीतल्या म्हातारीकरता तसं मानक नाही.

करता येण्यासारखं काय आहे? फार मोठं नाही. दिंडीच्या ट्रकनं उत्तर अर्धं दिलेलंच आहे. हंगामापुरता बसवता आणि काढता येईल असा सांगाडा. त्याला बसायची बाकं, पडू न देणारा कठडा, पक्की शिडी, पाण्याची टाकी, मागं दिवा आणि परावर्तक पट्टी. त्याची मापं आणि तोलाची मर्यादा एकदा अभियंत्यांनी तपासून ठरवून द्यावी. गावच्या मिस्त्रीनं त्या मापानं तो बनवावा, आरटीओनं तपासून हंगामी परवाना द्यावा. कारखान्यानं आणि मुकादमानं खर्च उचलावा. फडांच्या बसला न्हाणी-संडासाची सोय करायला मदत मिळावी, आणि कॅरॅव्हॅनकरता होणाऱ्या तळांवर पाणी-वीज या गाड्यांनाही मिळावी. प्रचाररथाला परवानगी देण्याची पद्धत आपल्याकडं आहे. तीच नजर जरा इकडं वळवायची आहे.

या विषयाचा इतिहास दप्तरांत फारसा सापडणार नाही. तो मिस्त्रींच्या हातात आहे, जुन्या फोटोंत आहे, आणि अजून रस्त्यावर धावतो आहे. म्हणून जाता जाता एक काम सांगतो. पुढच्या वेळी पारोळ्याच्या नाहीतर सोनगीरच्या ढाब्यावर थांबलात, तर उभ्या असलेल्या एका तरी गाडीभोवती फेरी मारा. यातलं काय कंपनीतून आलं आणि काय कोणी नंतर लावलं, ते बघा. नंतर लावलेल्या प्रत्येक पेटीला, पायरीला, हुकाला कारण असतं. ते कारण ड्रायव्हरला विचारा आणि लिहून ठेवा, जमल्यास फोटो काढा. गावात कोणी जुना बॉडी-मिस्त्री असेल, तर त्याच्याकडं एक संध्याकाळ बसा. पुढच्या वर्षी अशा नोंदी घेऊन कोणी आलं, तर हेच व्याख्यान आम्ही त्यांच्या तोंडून ऐकू.